न फाडलेला कोपरा

नाथाकाका भित्रे होते, आणि तसं ते कबूलही करत. म्हणजे कुत्र्यांना भ्यायचे नाहीत. अडतीस वर्षं देवळाली प्रवरा आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर टपाल वाटणारा माणूस कुत्र्यांना भ्यायला लागला असता तर निम्मी पत्रं पिशवीतच राहिली असती. विंचू, साप, पोस्टमास्तर, यांचंही त्यांना कधी काही वाटलं नाही. ते भ्यायचे ते पुढच्या ओळीला. आता पुढं काय लिहिलेलं असेल, या एका विचारानं त्यांच्या पोटात गोळा यायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तो गोळा काही गेला नव्हता.

त्याला कारण होतं एक कार्ड. पूर्वी मयताची बातमी कळवायची तर पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडून टाकत. कार्ड हातात पडलं की अक्षर वाचायच्या आधीच घराला कळायचं, बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि मग कुणीतरी वाचायला घ्यायचं. कोपरा फाटलेला असला म्हणजे आधी खाली बसून घ्या, मग ऐका. कोपरा शाबूत असला म्हणजे सगळं ठीक. शहाऐंशी साली आक्काबाईला भिवंडीहून, जिथं तिचा मुलगा कामाला होता, कार्ड आलं, चारी कोपरे शाबूत. आक्काबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून नाथाकाकांनी सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून, खणखणीत आवाजात सुरुवात केली. "साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, आपला बन्सी काल पहाटे..." लिहिणाऱ्याकडून घाईत कोपरा फाडायचा राहून गेला होता. नाथाकाका थांबले, पण तोवर जे कळायचं ते कळून गेलं होतं. आक्काबाई हातात सूप घेऊन उभी होती आणि सुपातले गहू एकेक करून खाली पडत होते.

त्या दिवसापासून त्यांनी नेम धरला. कुणाचंही पत्र आधी मनात वाचायचं, थेट सहीपर्यंत, आणि मगच तोंड उघडायचं. वाईट असेल तर आधी म्हणायचं, "बाई, जरा टेका." चांगलं असेल तर हसून सुरुवात करायची. लोक चेष्टा करायचे, की पोस्टमन आमच्याआधी आमच्या सुनेची ख्यालीखुशाली घेतो. नाथाकाका ऐकून घ्यायचे. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही पत्र थेट मोठ्यानं वाचलं नाही.

मग पत्रंच संपली, आणि त्यांची नोकरीही संपली. नाथाकाका नगरपालिकेजवळच्या वाचनालयात जायला लागले. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान. शेवट ठीकठाक असेल तर पहिलं. हे असलं वाचन बघून बायकोनं, राहीबाईंनी, कपाळाला हात लावला. "जेवायला बसल्यावर आधी पान खाताव का?" त्या म्हणायच्या. पण नाथाकाकांना त्याशिवाय घास उतरायचा नाही.

पुढं हातात मोबाईल आला आणि फेसबुकवर 'पान उलटा' नावाचा वाचकांचा ग्रुप सापडला. आठ हजार माणसं, सगळी पुस्तकांवर लिहिणारी. नाथाकाकाही लिहायला लागले. त्यांचं परीक्षण पहिल्या ओळीपासून ओळखू यायचं. "प्रस्तुत रहस्यकथेत खून डॉक्टरच्या भाच्याने केला आहे. बाकी सर्व सुखरूप. वाचण्यास हरकत नाही." किंवा, "पान ८८ वर गाय मरते, परंतु तिचे वय झाले होते. शेवटी दोघांचे लग्न होते." त्यावर ग्रुपात जी रणधुमाळी उडायची ती विचारू नका. कुणी लिहायचं की काकांनी तिसऱ्यांदा आमच्या पुस्तकाची माती केली. कुणी लिहायचं की काकांमुळे माझा वेळ वाचला. कुणी हात जोडल्याची चित्रं टाकायचं. नाथाकाका कुणाशी भांडायचे नाहीत. आपण कोपरा फाडायचं काम करतो आहोत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते काम ते सबंध ग्रुपासाठी करत नव्हते. एका बाईसाठी करत होते.

ती बाई म्हणजे मुमताज. पाटाच्या पलीकडच्या वस्तीवर राहायची, ब्लाऊज शिवायची, साड्यांना पिको-फॉल करायची. नवरा जैनुद्दीन टेम्पो चालवायचा. मुमताज दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आणि वाचायची इतकी की मशीनच्या पाटावर पुस्तक उघडं ठेवून हातशिलाई करायची. सहा वर्षांपूर्वी तिची अकरा वर्षांची सुमैरा शाळेतून येताना वाटेवरच्या शेततळ्याशी थांबली. बाटली भरून घ्यायची होती म्हणे. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाय एकदा घसरला की त्या कागदावर धरायला काही नसतं. बरोबरच्या दोन पोरी ओरडत गावाकडे पळाल्या. माणसं आली तोवर उशीर झाला होता.

वर्षभर मुमताजनं पुस्तक धरलं नाही. मग एकदा धरलं, आणि त्यात नेमकं एक लेकरू तापानं गेलं. पुस्तक तिनं तसंच वाचनालयाच्या टेबलावर आणून ठेवलं. नाथाकाका तिथंच पेपर वाचत होते. ती त्यांना म्हणाली, "काका, तुमी सगळी पुस्तकं माझ्याआधी वाचता. म्होरं एखादं लेकरू जायचं असंल तर मला आधी सांगत जा. मी ते पुस्तक धरनार न्हाई." नाथाकाका म्हणाले, सांगत जाईन. तेव्हापासून दर रविवारी ते ग्रुपात लिहायचे आणि तेच मुमताजच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचे. मुमताज त्यावर फक्त 'वाचते' किंवा 'नको' असं उत्तर द्यायची. पाच वर्षं हे असं चाललं होतं.

आता ग्रुपाची जी प्रमुख होती, निकिता, ती नगरला कुठल्याशा ऑफिसात होती. मुलगी सालस, बोलायला गोड, पण नियमाला पक्की. तिनं जानेवारीत जाहीर केलं की परीक्षणात कथानक सांगायचं नाही. भाषा कशी आहे लिहा, माणसं कशी उभी राहिली आहेत लिहा, तुम्हाला काय वाटलं ते लिहा. गोष्ट वाचकाची आहे, ती त्याच्याआधी उघडू नका. नाथाकाकांना तिनं वेगळा निरोपही पाठवला. "काका, तुमचा मान ठेवून सांगते. पुढच्या वेळी गोष्ट सांगितलीत तर मला तुम्हाला ग्रुपातून काढावं लागेल." नाथाकाकांनी तो निरोप तीनदा वाचला. दिवसातून एखादा निरोप यायचा तो याच ग्रुपातून. तो बंद झाला असता तर सबंध दिवस राहीबाईंची बोलणी खाण्यातच गेला असता.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक नवी कादंबरी होती, हिरव्या कव्हरची. सवयीप्रमाणे शेवटचं पान पाहिलं. एक बाई बाजारातून कोथिंबीर घेऊन घरी येते, एवढंच. बरं वाटलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. गोष्ट चांगली होती, माणसं आपल्याच भागातली वाटत होती. एकशे बेचाळिसाव्या पानावर त्या बाईची मुलगी चप्पल काढून शेततळ्याच्या काठावर बसते. नाथाकाकांनी पुस्तक मिटलं. पुढची ओळ वाचायची त्यांची छाती झाली नाही. आता खरं तर काय लिहायचं ते उघड होतं. पण रविवारी लिहायला बसले तेव्हा निकिताचा निरोप समोर होता, आणि मनातून त्यांना तो निरोप सोयीचाही वाटला. जे वाचलंच नाही ते सांगायला नको. त्यांनी लिहिलं, "भाषा साधी व सुंदर. माणसे खरी. प्रत्येकाने स्वतः वाचावे." सवयीनं तेच मुमताजलाही गेलं.

तीनशे बारा लोकांना ते आवडलं. निकितानं लाल बदाम टाकला. नाथाकाकांना आयुष्यात कधी इतकी शाबासकी मिळाली नव्हती. सोमवारी दिवसभर ते मोबाईल उघडून तो बदाम बघत होते. मुमताजचं 'वाचते' आलं होतं, तेही त्यांनी पाहिलं होतं आणि पाहून पुढं गेले होते. हिरवं पुस्तक तर त्यांनी पुढचं न वाचताच सोमवारी सकाळी परत करून टाकलं होतं.

बुधवारी सकाळी दहाला वाचनालयात गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "ते हिरवं पुस्तक हाय का रं?" खरं तर त्यांना ते कपाटात कुठंतरी मागं सरकवून ठेवायचं होतं.

"न्हाई की. मुमताजभाभींनी नेलं, सोमवारीच," वाचनालय सांभाळणारा श्रीमंत रजिस्टरातून मान वर न करता म्हणाला. "मी म्हनलं, भाभी, लई जाड हाय. तर म्हनल्या, नाथाकाकांनी ह्या खेपेला कुनी गेल्याचं काईच लिवलं न्हाई, म्हंजी भ्यायचं कारन न्हाई."

नाथाकाकांनी टेबलाची कड धरली. अडतीस वर्षांपूर्वीचं ते कार्ड, चारी कोपरे शाबूत, त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. तेव्हा निदान चूक दुसऱ्याची होती. श्रीमंतनं विचारलं, काका, पानी देऊ का, पण ते बाहेर पडले होते.

पायरीवर उभं राहून त्यांनी मुमताजला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. निरोप लिहायला घेतला, "पान १४२ च्या पुढे जाऊ नको", आणि पाठवायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं की सोमवारी नेलेलं पुस्तक, मुमताजसारखी वाचणारी, आज बुधवार. ती एकशे बेचाळीसवर कधीच पोचली असणार. तरी त्यांनी निरोप पाठवला. निळी खूण काही झाली नाही.

सायकल त्यांची जुनीच होती, टपालाची. सहासष्टाव्या वर्षी ती पाटापलीकडे हाणायची म्हणजे गुडघ्यांना विचारावं लागायचं, पण आज विचारायला वेळ नव्हता. रस्त्यावर कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या होत्या, दोन-दोन एकामागं जोडलेल्या, आणि ट्रॅक्टरवाले गाणी लावून जात होते. नाथाकाका त्यांच्या बाजूनं, धुरळ्यातून, कुठं उतरून तर कुठं पाय टेकत जात होते. तोंडातल्या तोंडात ते हिशेब मांडत होते की काय म्हणायचं. पोरी, माझं चुकलं. पोरी, मी वाचलंच नव्हतं. यातलं काही मुमताजपुढं म्हणता येईल असं त्यांना वाटत नव्हतं. तीनशे बारा माणसांना खूष करायला आपण एकीला दिलेला शब्द मोडला, हे मात्र वाटेभर त्यांच्या डोक्यातून हललं नाही.

मुमताजचं दार बंद होतं. टेम्पो नव्हता. नाथाकाका दाराशी उभे राहिले आणि कान लावून बघितलं. एरवी या दारातून मशीनचा आवाज यायचाच. सणासुदीला तर दारात उभ्या माणसालाही ओरडून बोलावं लागायचं. आता आत काहीच वाजत नव्हतं. त्यांनी कडी वाजवली. "मुमताज," म्हणून हाक मारली, तर स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

शेजारच्या ओट्यावर कडूबाई लसूण सोलत बसली होती. "ती न्हाई घरात," ती म्हणाली. "कालधरनं मशीन बंद हाय तिची. सकाळी हातात कसलं पुस्तक घिऊन तळ्याकडं गेली."

"कुठल्या तळ्याकडं?"

कडूबाईनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "त्याच की. सहा वर्सं ती त्या वाटनं गेली न्हाई, पार शाळंला वळसा घालून जाती. मी म्हनलं, आगं कुठं चाललीस, तर बोललीबी न्हाई. मी आपली तवाधरनं जीव मुठीत धरून बसली हाय. बरं झालं तुमी आलाव."

यापुढची वाट नाथाकाकांना नीट आठवत नाही. सायकल बांधावरच टाकली आणि गुरांसाठी लावलेल्या घासाच्या वावरातून ते चालत निघाले. पळावं असं वाटत होतं आणि पाय पळत नव्हते. तळं लांबून दिसत नाही, मातीचा उंच भराव तेवढा दिसतो. त्या भरावावर कुणी उभं नव्हतं. कुणी उभं असतं तर बरं झालं असतं, की नसलेलंच बरं, हे त्यांना कळेना. सुमैरा गेल्यावर तळ्याला तारेचं कुंपण घातलं होतं, आत धरायला गाठी मारलेले दोर सोडले होते, हे सगळं त्यांनी आठवून बघितलं. कुंपणाला एक जागा होती पाण्याची मोटार ठेवायला, तिला फाटक होतं, हेही आठवलं. फाटकाला कुलूप असतं का, ते काही आठवेना. भरावाच्या पायथ्याशी दम घ्यायला थांबले तेव्हा वरची पुढची दहा पावलं चढायला त्यांचं मन घेईना. असं ते पत्रांच्या वेळी करायचे. पाकिट हातात घेऊन उगाच पिशवी नीट करत बसायचे.

"या काका," वरून आवाज आला. "सायकल कुठं टाकली?"

मुमताज भरावाच्या माथ्यावर, कुंपणाच्या अलीकडं, खालून दिसणार नाही अशी बसली होती. मांडीवर हिरवं पुस्तक उघडं होतं. डोळे सुजलेले होते, पण ती तिथं होती, अख्खी, आणि चप्पल तिच्या पायात होती. नाथाकाका वर चढले आणि तिच्यापासून चार हातांवर मटकन खाली बसले.

"फोन उचलत न्हाईस," ते धापा टाकत म्हणाले.

"घरीच हाय फोन."

मग त्यांनी एकदाचं बोलून टाकलं. "मी वाचलंच न्हवतं, पोरी. पान एकशे बेचाळीस. ती पोरगी चप्पल काढती, तिथं मिटलं मी. म्होरची छाती झाली न्हाई. आन गोष्ट सांगायची न्हाई म्हनून नियम निघाला, तेवढं निमित्त मला पुरलं. तुला सांगायला पायजे हुतं."

मुमताज पाण्याकडं बघत होती. "मीबी तिथंच मिटलं. काल दुपारी. तुमचा लई राग आला काका. म्हनलं, ह्यांनी फसवलं. सकाळी उठले ती पुस्तक तळ्यात टाकायलाच आले हितं."

नाथाकाकांनी तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडं बघितलं.

"टाकायच्या आधी सहज बघितलं, अजून किती ऱ्हायलंय. एकशे दहा पानं ऱ्हायलीत." तिनं उरलेली पानं बोटांत धरून दाखवली. "माझी सुमैरा गेली तवा सगळे गप झाले. माझ्याम्होरं तिचं नावबी कुनी काढीना. तुमीबी न्हाई. म्हनून मला वाटलं, लेकरू गेलं की गोष्ट सपती. आन ह्या बाईची पोरगी गेली तरी अजून एकशे दहा पानं हाईत. ती काय करती येवढी पानं?"

"मला ठावं न्हाई," नाथाकाका म्हणाले, आणि ते खरं होतं.

"तुमी शेवटचं पान बघितलं असंल."

"बघितलंय."

"मग सांगू नगा." तिनं पुस्तक त्यांच्यापुढं केलं. "मी चार पानं वाचली हितं बसून. पर डोळ्याला पानी आलं की अक्षर हालतं. तुमी वाचा."

नाथाकाकांनी पुस्तक घेतलं. खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला. पान एकशे सेहेचाळीस. पोटात तो जुना गोळा उठला. त्यांची नजर पहिल्या ओळीवर टेकली आणि सवयीनं लगेच खाली उतरू लागली, दुसरीवर, चौथीवर, पानाच्या तळाशी काय आहे ते बघायला. ओठ मिटलेलेच होते.

"मनात नगा वाचू, काका," मुमताज म्हणाली. "मोठ्यानं."

नाथाकाकांनी तळहातानं खालचं सगळं पान झाकलं, आणि वरची जी एकच ओळ दिसत होती ती वाचायला सुरुवात केली.